बिनक्लचची गाडी

बरकतपुऱ्यात एकनाथराव बिराजदारांच्या फाटकावरून जाताना माणसं पाय जरा हळू टाकीत. आत नेहमी काही ना काही बघण्यासारखं चाललेलं असे. कधी पांढऱ्या जपानी गाडीचं बॉनेट उघडं आणि त्यात कमरेपर्यंत गडप झालेला मकबूल मेकॅनिक. कधी गाडीला मागून जोर लावणारे शेजारी, आणि आत बसून त्यांच्यावरच ओरडणारे एकनाथराव : "अरे बाबांनो, कितीदा सांगू? ही धक्क्यानं चालू होत नाही! हिला क्लचच नाही!"

शेजाऱ्यांना ते काही पटत नसे. गाडी बंद पडली की खाली उतरायचं आणि ढकलायचं, एवढी एकच विद्या तेव्हा सगळ्या हैदराबादेला येत होती. धक्का मारूनही चालू न होणारी गाडी म्हणजे त्यांना गाडीचा उद्धटपणा वाटे. ते आणखी जोर लावीत, घामाघूम होत आणि शेवटी एकनाथरावांच्याच ओट्यावर बसून भामाबाईंच्या हातचा चहा पिऊन जात.

एकनाथराव मूळचे उदगीरकडच्या शेतकरी घरातले. शिकायला म्हणून हैदराबादेत आले आणि इथलेच होऊन गेले. बियाण्यांच्या कंपनीत नोकरी, दिमतीला जीप, आणि हाताखाली बिदरपासून निजामाबादपर्यंतचा मुलूख. कुठल्या गावच्या दुकानदाराला किती मुलं, कुणाच्या विहिरीला पाणी किती, हे त्यांना तोंडपाठ असायचं. माणूस तसा फटकळ. कुणाचं ऐकून घ्यायचा नाही आणि स्वतःची चूक तर सात जन्मांत कबूल करायचा नाही. अशा माणसाची जीप एका पावसाळ्यात जहिराबादजवळ उलटली आणि डावा पाय गुडघ्याखालून गेला.

कंपनीनं ऑफिसातली खुर्ची दिली. दवाखान्यानं नकली पाय दिला. त्या पायानं चालता येई, काठी टेकत जिनाही चढता येई, पण क्लच काही दाबता येईना. नकली पावलाला पेडल कळतच नाही. कधी अर्धवट, कधी भस्सकन. ज्या माणसानं निम्मं आयुष्य स्टिअरिंगवर काढलं तो रिक्षात कोपऱ्यात अंग चोरून बसू लागला. "मी सामान झालो भामा," असं ते एकदा म्हणाले, आणि मग त्या विषयावर पुन्हा कधीच बोलले नाहीत.

पुढे देशाची दारं उघडली. आबिड्सच्या दुकानांत परदेशी वस्तू चोरून नव्हे तर काचेमागे दिवा लावून मांडल्या जाऊ लागल्या. त्याच सुमाराला भामाबाईंचे भाऊ शशिकांत मस्कतची नोकरी कायमची सोडून परत आले आणि येताना आपली वापरलेली गाडी जहाजानं घेऊन आले. त्यांना इथल्या रस्त्यावर ती चालवायची हिंमत होईना. ते मेहुण्याला म्हणाले, "दाजी, हिला दोनच पेडल आहेत. एका पायाचं काम."

एकनाथराव कितीतरी वेळ गाडीला नुसतीच प्रदक्षिणा घालत राहिले. मग बसले. गिअरचा दांडा सगळ्यात पुढं पी अक्षरासमोर, म्हणजे पार्कवर. तिथं गाडी जागच्या जागी कुलूपबंद. त्यामागे आर, रिव्हर्सचा. त्यामागे न्यूट्रल, आणि मग पुढं जायचा डी. दांडा एकदा डीवर टाकला की संपलं, पुढचं सगळं उजव्या पायानं. त्या दिवशी ते तारनाक्यापर्यंत जाऊन आले. शेजारी बसलेल्या भामाबाई जाताना देवाचं नाव घेत होत्या आणि येताना रडत होत्या. एकनाथराव मात्र सगळ्या रस्त्यावर लोकांना शिव्या घालत होते, आणि ते ऐकून बाईंना आणखीच रडू येत होतं, कारण पाय गेल्यापासून त्यांनी कुणाला मनापासून शिवीच दिली नव्हती.

तेव्हापासून त्या गिअरच्या दांड्याला भामाबाई 'तुमचा डावा पाय' म्हणू लागल्या. दसऱ्याला सगळे गाडीच्या चाकांना आणि बॉनेटला हळदीकुंकू लावतात. भामाबाई त्या दांड्यालाही लावीत, त्याच्यावर कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहत आणि नारळाचं पाणी शिंपडत. पण त्यांचं दसऱ्यावर भागत नसे. नवरा जरा लांब निघाला की त्या पदराआड वाटी घेऊन यायच्या, खिडकीतून हात घालून दांड्यावर चिमूटभर ओल्या अक्षता टाकायच्या आणि पुटपुटायच्या, "सांभाळ रे बाबा." एकनाथराव चिडायचे. "अगं, गाडी आहे का लग्नातली नवरी?" पण त्या हात काढून घेईपर्यंत गाडी हलवत नसत.

अशी बरीच वर्षं गेली आणि मग गाडीनं कुरकुर सुरू केली.

दांडा पार्कवर ठेवून किल्ली फिरवली की आतून काही म्हणजे काही आवाज येईना. मकबूलनं बॅटरी बदलून बघितली, सेल्फ उतरवून साफ केला, वायरी चाचपल्या. शेजाऱ्यांनी धक्के मारले. शेवटी एकनाथरावांनीच कंटाळून दांडा न्यूट्रलवर घेतला आणि किल्ली मारली, तर गाडी ताबडतोब चालू! मकबूलनं दोन्ही हात पुसले आणि निकाल दिला, "एकनाथ साब, इस गाडी का मिजाजच ऐसा है. न्यूट्रल पे होती ना? बस, न्यूट्रल पेच मारो. कायकू टेन्शन लेते?"

तेव्हापासून ती न्यूट्रलवरच चालू होऊ लागली. पार्कवर का होत नाही, हे कुणी विचारलं नाही. आपल्याकडचा हा जुना रोग आहे. एखादी गोष्ट कशीबशी चालू झाली की ती का बिघडली होती हे विचारायची आपल्याला लाज वाटते. पुढं दांडाही जड झाला, पार्कवर न्यायला तळहातानं रेटावा लागे. तेही अंगवळणी पडलं.

श्रावणातल्या एका शुक्रवारी एकनाथराव तारनाक्याहून एका जुन्या सहकाऱ्याला भेटून परत आले. घर रस्त्यापेक्षा उंच, त्यामुळे फाटकापासून पोर्चपर्यंत चढ. गाडी चढवली, दांडा रेटून पार्कवर लावला, हँडब्रेक ओढला आणि ते आत गेले. हँडब्रेक म्हातारा झालेला; एकटा तो चढावर गाडी पेलणारा नव्हता, पण पार्क असताना त्याची गरजही कधी पडली नव्हती. आत जाऊन त्यांनी नकली पायाचे पट्टे सोडले आणि खाटेवर पाठ टेकली. स्वयंपाकघरात भामाबाईंची जिवतीच्या पूजेची घाई चालली होती. त्यांनी नातीला हाक मारली, "ईशा, फाटकाशी कण्हेर आहे बघ, थोडी फुलं आण गं."

गाडी मागे कधी सरकली ते कुणीच पाहिलं नाही. फाटकावर धाडकन आदळल्याचा आवाज झाला आणि त्यामागून पोरीची किंकाळी आली.

एकनाथराव भिंत धरून एका पायावर उड्या मारत बाहेर आले, तोवर त्यांचा मुलगा रितेश वरच्या मजल्यावरून धावत येऊन, दाराशी खिळ्याला अडकवलेली किल्ली घेऊन गाडीत शिरला होता. ईशाचा उजवा हात गाडी आणि फाटकाचा खांब यांच्यात सापडला होता. रितेशनं दांडा न्यूट्रलवर ओढून किल्ली मारली, गाडी पुढं घेतली आणि पोरीला उचललं. पळता पळता त्यानं बापाकडे बघितलं, आणि ती नजर एकनाथराव पुढं कधीही विसरू शकले नाहीत.

हात वाचला. कोपराचा चुरा झाला होता. आत पट्टी घालून हाड जुळवलं, पण हात पूर्ण सरळ होईल असं डॉक्टर म्हणेनात. सात वर्षांची पोर प्लास्टर गळ्यात अडकवून घरी आली आणि घर एकदम मुकं झालं.

आधी तोंड रितेशनं उघडलं. तो बेगमपेटला संगणकाच्या कंपनीत कामाला. मुलगा वाईट नव्हता. आवाज न चढवता म्हणाला, "बाबा, मी आत शिरलो तेव्हा गिअर रिव्हर्सला होता. पार्कला नव्हता. मी डोळ्यानं बघितलो."

"मी पार्कला लावलो होतो."

"मग रिव्हर्सला कसा गेला?"

"ते मला काय माहीत! लावलो होतो म्हणजे लावलो होतो!"

"बाबा, नक्को आता. वय होतं माणसाचं. मी चिडून नाही बोलायलो."

चिडून बोलला असता तर परवडलं असतं. सून प्रियदर्शिनी पुण्याची. ती तर काहीच बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून ईशाला आजोबांजवळ एकटं सोडीनाशी झाली. बाजारात निघाली तर मुलीला बरोबर घेई, नाहीतर भामाबाईंना म्हणे, "आई, तुम्ही इथेच बसाल ना जरा?" एकनाथराव पेपर डोळ्यांसमोर धरून सगळं ऐकत. त्या पेपरातलं एक अक्षर त्यांना दिसत नसे.

त्यांची बाजू घेणारं घरात एकच माणूस होतं. "हे बघ रितेश," भामाबाई ठणकावून म्हणाल्या, "ते म्हणतात लावलो, तर लावलाच असणार. अरे, सगळ्या जिल्ह्यातल्या दुकानदारांच्या पोरांची नावं या माणसाला आजही पाठ आहेत. ते विसरत नाहीत. काही वेगळंच झालंय."

नवऱ्यासाठी अशा भांडणाऱ्या बाई स्वतःसाठी मात्र एक शब्द बोलत नव्हत्या. फुलांना आपणच पाठवलं पोरीला, हे त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. ईशाला भरवताना तिचा प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसत आणि भरवून झालं तरी खाली ठेवत नसत. "मीच पाठवले हो," एवढंच कधीतरी म्हणत. एकनाथराव म्हणत, "तुझा काय दोष त्यात?" पण त्यांच्या म्हणण्याला आता त्या घरात वजन राहिलं नव्हतं, आणि ते त्यांना स्वतःलाही कळत होतं.

खरं भय वेगळंच होतं. खाटेवर पडल्या पडल्या ते तो शुक्रवार पुन्हा पुन्हा आठवून बघत. दांडा रेटला, हँडब्रेक ओढला, किल्ली काढली. तळहाताला दांड्याची मूठ लागल्याचंही आठवे. पण ते त्या शुक्रवारचं आठवत होतं, की रोजची सवय शुक्रवारचं सोंग घेऊन येत होती? ते मनातल्या मनात जुन्या गावांची उजळणी करू लागले. भालकीचा तो धिप्पाड दुकानदार, त्याच्या थोरल्या मुलाचं नाव काय? नाव आठवेपर्यंत त्यांना घाम फुटे. पाय गेला तेव्हा ते इतके घाबरले नव्हते. पाय गेलेला दिसतो तरी. डोकं जातं तेव्हा ज्याचं जातं त्यालाच ते दिसत नाही.

रितेशनं गाडीच्या चाकांना विटा लावल्या आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. आबिड्सचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला येणार होतं. ती विकायची आणि शोरूममधून नवी छोटी गाडी घ्यायची, असं ठरलं. हल्ली बँका मागे लागून कर्ज देत होत्या. नव्या गाडीला अर्थात क्लच असणार होता.

"बाबा, तुम्हाला कुठं जायचं असेल तर मी नेईन ना," रितेश म्हणाला.

"मी परत सामान होणार," असं एकनाथरावांच्या मनात आलं.

शनिवारी दुपारी ते विटा लावलेल्या गाडीत जाऊन बसले. शेवटचं बसून घ्यावं, एवढाच विचार. दांड्याची कळ दाबली आणि सवयीनं तो पार्कपर्यंत रेटला. हात काढला. समोरच्या काचेतून स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती, तिच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं मांडीशी काहीतरी हलल्यासारखं वाटलं. त्यांनी खाली बघितलं, तर दांडा आपण होऊन सावकाश मागे येत होता. आर अक्षरासमोर येऊन तो थांबला.

त्यांचा विश्वास बसेना. पुन्हा पार्कला लावला. या खेपेला राहिला. पुन्हा लावला, जरा वेळ राहिला आणि मग निमूट रिव्हर्सवर येऊन उभा. कळ न दाबता! एकनाथरावांच्या तोंडून हाक अशी फुटली की कण्हेरीवरचे पक्षी उडाले, "भामा! ए भामा! इकडं ये!"

पीठ माखलेल्या हातांनी बाई धावत आल्या. त्यांनी लावून दाखवला. दांड्यानंही बाईंसमोर लाज राखली, सरकला. भामाबाईंनी पिठाचे हात तसेच तोंडाला लावले. "मी म्हणत नव्हते? मी म्हणत नव्हते का? थांबा, आधी रितेशला फोन करते!" त्या वळल्या, आणि दारातूनच पुन्हा ओरडल्या, "तुम्ही विसरला नव्हता हो!"

कित्येक आठवड्यांनी एकनाथराव हसले. डिकीतून स्क्रू-ड्रायव्हर काढून ते दांड्याच्या बुडाचं प्लास्टिकचं झाकण खोलायला बसले. दांडा ज्या फटीतून फिरतो तिच्यावरची सरकती पट्टी हैदराबादच्या उन्हानं केव्हाच तडकून पडली होती. ती फट उघडीच होती. बैठकीतून फोनवरचा बाईंचा आनंदी आवाज येत होता, "अरे, आपोआप सरकायलाय! मी माझ्या डोळ्यानं बघितले!" एकनाथरावांनी झाकण उचललं आणि आत बघितलं.

तांदूळ होते. लाल, कुंकवाचे. वर्षानुवर्षांचे. नारळाच्या पाण्यानं आणि जुन्या ग्रीसनं एकमेकांना चिकटून त्यांची ढेप झाली होती, मधे झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. पार्कला दांड्याची खिटी ज्या खाचेत पडायला हवी, ती खाच त्या ढेपेनं गच्च भरली होती. खिटी खाचेत पडतच नव्हती, नुसती तांदळांवर टेकत होती. दांडा पार्कपर्यंत पुरता पोचतच नव्हता, म्हणून तिथं गाडीही चालू होत नव्हती. मकबूलनं ज्याला मिजाज म्हटलं तो हा मिजाज.

"सांभाळ रे बाबा," हे खिडकीतून पुटपुटलेलं त्यांच्या कानात वाजलं.

बैठकीत फोन ठेवल्याचा आवाज झाला. एकनाथरावांनी झाकण झटकन जागेवर बसवलं. बाई आल्या. चेहरा नुसता फुलला होता. "लवकर निघतोय म्हणाला. त्यालाही आनंद झाला हो, रडवेला झाला होता. काय होतं आत? दिसलं का?"

"बघायलो अजून. तू जा, पीठ वाळेल तुझं."

त्या गेल्या. जाताना किती दिवसांनी काहीतरी गुणगुणत होत्या. त्या रात्री जेवतीलही, असं एकनाथरावांना वाटलं, आणि तेच त्यांना सगळ्यात कठीण गेलं. फुलांना पाठवलं एवढ्यावरून या बाईनं जेवण सोडलं. गाडी सुटली तीही आपल्याच हातच्या अक्षतांमुळे, हे कळलं तर ही काय सोडेल?

त्यांनी झाकण पुन्हा काढलं आणि खाच खरवडायला लागले. ढेप तशीच ठेवणं शक्य नव्हतं. उद्या गाडी दुसऱ्याच्या दारात उभी राहणार, तिथंही कुणाचं तरी पोर असणारच. तांदूळ रुमालात गोळा केले. खाच साफ झाली. दांडा पार्कला लावला आणि कित्येक वर्षांनी 'खट' असा खणखणीत आवाज आला. स्क्रू अडकला होता म्हणून सांगावं, असं एकदा मनात आलं. पण कुंकू आतल्या ग्रीसमध्ये असं मुरलं होतं की पुसता पुसेना. स्क्रू म्हटलं की रितेश मकबूलला बोलावणार, मकबूल झाकण उघडणार, आणि तो लाल रंग भामाबाईंना कुणी समजावून सांगायची गरजच पडणार नव्हती. झाकण उघडायचं कुणालाही कारण राहू नये, असं एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर एकनाथरावांना जन्मात कधी देता आलं नव्हतं.

रितेश आला तो जवळजवळ पळतच. "बाबा, काय सापडलं? दाखवा." त्याच्यामागे प्रियदर्शिनी, दारात भामाबाई, त्यांचा हात धरून ईशा.

रितेशनं दांडा पार्कला लावला. खट. वाट बघितली. दांडा हलेना. पुन्हा लावला, हलवून बघितला, कळ न दाबता ओढून बघितला. गच्च. किल्ली लावली, तर गाडी पार्कवरच एका झटक्यात चालू झाली. त्यानं ती बंद केली आणि किल्ली काढून घेतली.

"बाबा, हिच्यात तर काहीच नाही."

"मी बघितले ना रे!" भामाबाई पुढं आल्या. "माझ्यासमोर सरकला. अहो, सांगा ना त्याला! सरकला का नाही?"

सगळे एकनाथरावांकडे बघत होते. रुमाल खिशात होता. तो काढून बॉनेटवर उघडला असता तर त्यांचं डोकं, त्यांचा शब्द, त्यांची गाडी, सगळं एका क्षणात परत मिळालं असतं. त्यांनी काठीवरचा हात बदलला.

"माझाच धक्का लागला असेल त्याला," ते म्हणाले. "गाडीत काही नाही. त्या दिवशी मीच विसरलो असेन. लावायचा राहिला माझ्याकडून."

"असेन?" रितेशनं हळूच विचारलं.

"विसरलो. विसरलो मी. झालं?"

रितेशनं खाली उतरून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हा मुलगा मोठा झाल्यापासून त्यानं असा हात कधी ठेवला नव्हता. प्रियदर्शिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, असू दे," ती म्हणाली.  एवढे दिवस सगळ्या घराशी भामाबाई ज्याच्यासाठी भांडल्या, तो माणूस दोन शब्दांत पलीकडे जाऊन उभा राहिला होता. त्या ईशाला घेऊन आत गेल्या. त्या रात्रीही जेवल्या नाहीत. तांदूळ एकनाथरावांनी कण्हेरीच्या बुडाशी टाकले.

गाडी रविवारी गेली. गिऱ्हाइकाला एकनाथरावांनी बाजूला घेऊन फटीवर पट्टी बसवून घ्यायला आणि हँडब्रेकची तार बदलायला बजावलं. माणूस हो हो म्हणाला. म्हाताऱ्यांच्या सूचनांना म्हणतात तसं.

आणि मग घरानं त्यांना विसरभोळा माणूस म्हणून सांभाळायला सुरुवात केली. सगळं प्रेमानं. त्यांनी चहा केला की मागून कुणीतरी जाऊन गॅस बघून येई. ते फिरायला निघाले की सून कुठं चाललात ते विचारी आणि पुन्हा एकदा विचारी. भामाबाई गोळी त्यांच्या हातावर ठेवीत आणि गिळेपर्यंत समोर उभ्या राहत. पूर्वी नात्यातल्या कुणाचं नाव अडलं की त्या त्यांनाच विचारायच्या. आता रितेशला विचारत. एकनाथरावांना नाव येत असे. ते गप्प बसत. आयुष्यभर जो माणूस कुणाचं ऐकून घेत नव्हता त्याचा सूड घ्यायचा तर याहून बरी रीत शोधून सापडली नसती, आणि इथं तर कुणी सूडही घेत नव्हतं.

दसरा आला. पोर्चमध्ये रितेशची नवी लाल गाडी उभी होती, हँडलना झेंडूच्या माळा. ईशाचं प्लास्टर निघालं होतं; कोपर मात्र अर्ध्यातच थांबलं होतं. भामाबाई तबक घेऊन आल्या. चाकांना हळदीकुंकू झालं, बॉनेट झालं, लिंबं चाकांखाली ठेवून झाली. मग त्यांनी दार उघडलं, ओल्या अक्षतांची चिमूट घेतली आणि सवयीनं हात आत घातला, गिअरच्या दांड्याकडे.

"तिथं नको!"

एकनाथराव ओट्यावर बसले होते. काठी न घेताच ते उठले, कसे आले ते त्यांनाही कळलं नाही, आणि त्यांनी बाईंचं मनगट धरलं. नव्या गाडीच्या दांड्याला बुडापर्यंत रेक्झिनचं कातडं शिवलेलं होतं, तांदळाचा दाणाही आत गेला नसता. हे त्यांना दिसत होतं. तरी हात सुटेना.

रितेश हसला, अगदी मायेनं. "बाबा, आई दरवर्षीच गिअरला वाहते ना. विसरलात का?"

"हो," एकनाथराव म्हणाले. "विसरलो."

त्यांनी मनगट सोडलं. पण भामाबाईंचा हात तिथंच राहिला होता. त्या आधी दांड्याकडे बघत होत्या, मग आपल्या चिमटीतल्या लाल तांदळांकडे. मग त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांचा संसार. या माणसाच्या तोंडावरची एक रेघ त्यांना अनोळखी नव्हती. रितेश आणि प्रियदर्शिनी नारळ फोडायला पुढं गेले.

"आत होते का?" त्यांना एकट्यालाच ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं.

"काय?"

"त्या दिवशी. झाकणाच्या आत."

"मला काही आठवत नाही, भामा."

"तुम्हाला सगळं आठवतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांची मूठ गच्च मिटली.

नारळ फुटला. ईशा प्रसादासाठी पळत आली आणि तिनं आजीपुढं उजवाच हात पुढं केला, पुरता सरळ न होणारा. "आजी, दे ना." खोबऱ्याचा तुकडा घ्यायला भामाबाईंना ती मूठ उघडावी लागली.